विद्येच्या माहेरघरी कपडा कुठे घ्यायचा?

पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर अतिक्रमणवाल्यांची गाडी येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी एक वाक्य ठरलेले असते : ‘बरं झालं. पोरांना कपडेच घ्यायचे तर मॉल आहेत, मोबाइल आहे. कॉलेजच्या दारात बाजार कशाला?’ हे वाक्य मी सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कट्ट्यावर ऐकले, प्राध्यापकांच्या खोलीत ऐकले, नागरिकांच्या सभेतही ऐकले. बोलणारी माणसे वाईट नाहीत. त्यांना मोकळा पदपथ हवा आहे आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण या वाक्यात जे गृहीत धरले आहे ते चूक आहे, आणि त्या चुकीचा भुर्दंड ज्यांना बसतो ती मुले कट्ट्यावरही नसतात आणि सभेतही. म्हणून हा प्रतिवाद.

माझे म्हणणे सरळ आहे. कॉलेजपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर स्वस्त कपड्यांचा बाजार असणे ही चैन नव्हे. मेस, कॉट बेसिसची खोली, झेरॉक्सचे दुकान, अभ्यासिका यांच्याच रांगेतली ती शिक्षणाची सोय आहे. ती मोडायची असेल तर आधी हे कबूल करावे लागेल, की आपण काही मुलांचे शिक्षण महाग करतो आहोत.

1998 साली मी अंबाजोगाईहून पुण्याला शिकायला आले, तेव्हा माझ्या बॅगेत तीन ड्रेस होते. तिन्ही गावच्या शिंप्याकडून शिवलेले. जुलै लागला आणि पावसाची झड सुरू झाली. खोलीत आम्ही सहा मुली आणि सहा जणींत एकच दोरी. कपडा तीन-तीन दिवस वाळत नसे. ओलसर ओढणी अंगावर घेऊन मी तासाला बसले आहे. त्या कुबट वासाची लाज मला आजही आठवते. मला तेव्हा फॅशन नको होती, चौथा ड्रेस हवा होता. तो मला फर्ग्युसन रस्त्यावर मिळाला, शंभराच्या आत. मी गडद निळा कुर्ता हातात घेतला, तेव्हा विकणारा म्हणाला, ‘ताई, हा पहिल्या दोन धुण्यांत रंग सोडील. मीठ घालून वेगळा भिजवा, नाहीतर दुसरा घ्या.’ मी दुसरा घेतला. पुढची पाच वर्षे कपडे त्याच्याकडूनच घेतले, आणि माझ्यामागून आलेल्या गावाकडच्या मुलींनाही त्याच्याकडेच नेले.

हा प्रसंग मी हळवेपणाने सांगत नाही. त्यात या बाजाराचे गणित आहे. कॉलेजजवळच्या विक्रेत्याचे गिऱ्हाईक तीन ते पाच वर्षे त्याच रस्त्याने रोज जाते-येते. त्याला फसवले तर ते उद्या पुन्हा समोरून जाणार, आणि जाताना वर्गातल्या पन्नास जणांना सांगणार. ‘रस्त्यावर फसवतात’ हा आक्षेप पर्यटनस्थळाच्या बाजाराला कदाचित लागू पडेल. ज्याचे पोट रोजच्याच चेहऱ्यांवर चालते, त्याला असे फसवणे परवडत नाही.

आता मॉलकडे वळू. पुण्यातले मोठे मॉल विमाननगरला, हडपसरला, वाकडला आहेत. डेक्कनवरून निघालेल्या मुलासाठी ते दहा किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब आहेत. जाऊन-येऊन अर्धा दिवस आणि भाड्याचे पैसे. तिथे पोहोचल्यावर जो भाव दिसतो, तो मेसच्या पैशांतून वाचवलेल्या नोटांना झेपणारा नसतो. सेनापती बापट रस्त्यावरचा मॉल जवळ आहे हे खरे, पण अंतर कमी झाले म्हणून भाव कमी होत नाही. मेट्रो आली, 2023च्या ऑगस्टपासून डेक्कन जिमखान्याचे स्थानकही सुरू झाले, त्याचे स्वागतच आहे. पण मेट्रोने बाजार जवळ येतो तसा बाजारात येणाराही डेक्कनला जास्त येतो. म्हणजे मेट्रो हा बाजार उठवण्याचे कारण होऊ शकत नाही. झालेच तर तो नीट वसवण्याचे कारण होईल.

झुडिओसारखी, बहुतांश माल हजाराच्या आत ठेवणारी साखळी दुकाने आता गावोगाव झाली आहेत. मुले तिथे आनंदाने जातात आणि त्यांनी जावेही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. शेजारी टी-शर्ट अडीचशे-तीनशेला मिळतो म्हणूनही दुकानाला आपला भाव आटोक्यात ठेवावा लागतो. ठेला उठला तर दुकानाला खाली ओढणारा हात सुटतो. शिवाय दुकानातल्या चिठ्ठीवर जो आकडा असतो तो शेवटचा. ठेल्यावर ‘दादा, माझ्याकडे साडेतीनशेच आहेत’ म्हणता येते, आणि संध्याकाळी उशिरा गेले तर बऱ्याचदा तेवढ्यात काम होते. घासाघीस हा ज्याच्याकडे पैसा कमी आहे त्याच्या हातातला एकच जोर आहे. तो काढून घेऊन त्याला ‘पर्याय’ देणे हा न्याय नाही.

ऑनलाइनचे काय? मी स्वतः ऑनलाइन कपडे घेते. पण मला घरचा पत्ता आहे, दार उघडायला माणूस आहे, आणि परत पाठवलेल्या कपड्याचे पैसे आठवड्याने आले तरी माझे जेवण अडत नाही. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचा पत्ता दर वर्षी बदलतो. खोलीवर दिवसा कुणी नसते आणि घरमालक पार्सल घेत नाही. साइझ चुकली की ते परत करायचे, वाट पाहायची, पुन्हा मागवायचे. महिन्याकाठी घरून येणाऱ्या रकमेतले सातशे रुपये परतीच्या फेऱ्यात अडकले, की उरलेला महिना चहावर निघतो. आणि कॅम्पस मुलाखतीचा निरोप संध्याकाळी येतो. सकाळी दहाला फॉर्मल शर्ट घालून हजर व्हायचे असते. त्या रात्री आठ वाजता धावत जाऊन शर्ट घेता येईल आणि शेजारच्या मशीनवर पँटची उंची कमी करून घेता येईल, अशी जागा लागते. मोबाइल ती जागा देत नाही.

‘मुलांनी शिकावे, कपड्यांकडे बघू नये’ असे म्हणणारेही आहेत. ज्याच्या कपाटात वीस शर्ट आहेत त्याला हे म्हणणे सोपे आहे. शहरातल्या वर्गात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या मुलाला आपला शर्ट आपल्याआधी बोलतो हे कळलेले असते. उत्तर माहीत असूनही हात वर न करणारी मुले मी तीस-पस्तीस जणांच्या वर्गात पाहिली आहेत. त्यांतल्या काहींचा हात इंग्रजी अडवत होती, आणि काहींचा काखेत उसवलेली शिवण. अंगभर, स्वच्छ, चारचौघांसारखा कपडा मिळाला, की हे ओझे उतरते आणि लक्ष अभ्यासाकडे वळते. कपड्यांकडे बघू नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी कपडा सहज मिळेल असे पाहावे.

या शहराने विद्यार्थ्यांसाठी, कुठलीही योजना न आखता, एक अख्खी व्यवस्था उभी केली आहे. रोजचे टी-शर्ट, टॉप, जीन्स यांसाठी फर्ग्युसन रस्ता : काही माल पदपथावर, काही जुन्या बंगल्यांच्या आवारातल्या गाळ्यांत. कानातले, पट्टे, पर्स, स्कार्फ यांसाठी डेक्कनची हाँगकाँग गल्ली. कुर्ती, लेगिंग, ओढणी आणि गॅदरिंगच्या ट्रॅडिशनल डेला लागणारे सगळे काही तुळशीबागेत. त्यासाठी राममंदिराभोवतीच्या गल्ल्यांतून खांद्याला खांदा घासत फिरावे लागते. मुलाखतीचा शर्ट-पँट किंवा बहिणीच्या लग्नातली साडी यांसाठी लक्ष्मी रस्ता. जॅकेट आणि बूट यांसाठी कॅम्पातली फॅशन स्ट्रीट. आणि अगदीच खिसा रिकामा असेल तर बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. थंडी पडली की तिबेटी स्वेटरवाले येतात. सदाशिव-नारायण पेठेत राहून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाला यातली निम्मी ठिकाणे पायी गाठता येतात. ही व्यवस्था ज्यांनी वापरली नाही त्यांना ती गर्दी वाटते. ज्यांनी वापरली आहे त्यांना ठाऊक आहे, की कुठल्या गरजेला कोणत्या गल्लीत वळायचे याचा हा नकाशा आहे, आणि एक पिढी तो पुढच्या पिढीच्या हाती देते.

दर्जाचा आणि कराचा आक्षेप आता पाहू. ‘हा माल भंगार असतो आणि ही मंडळी कर भरत नाहीत.’ रस्त्यावरचा माल येतो कुठून? उल्हासनगरची जीन्स, तिरुपूरचा होजिअरी माल, सुरतेचे कृत्रिम धाग्याचे कापड, लुधियान्याचे लोकरीचे कपडे. या गावांचा माल झगमगीत दुकानांतही जातो. निर्यातीच्या ऑर्डरीतून उरलेला किंवा बारीक खोट निघालेला लॉट रस्त्यावर येतो, हेही खरे. काही माल हलका असतो आणि हलका आहे हे सांगूनच विकला जातो. पण महाग चिठ्ठी म्हणजे चांगली वागणूक, असे मानणाऱ्यांनी 24 एप्रिल 2013 हा दिवस आठवावा. त्या दिवशी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणारे कामगार होते, आणि त्या इमारतीत पाश्चात्त्य देशांतल्या नामवंत ब्रँडांसाठी कपडे शिवले जात. कपडा कोणत्या हातांनी, कोणत्या छताखाली शिवला हा प्रश्न ठेल्याला विचाराच; काचेच्या दुकानालाही तोच प्रश्न तेवढ्याच जोराने विचारा.

कराचे म्हणाल, तर वर्षाला 40 लाखांपर्यंत मालाची उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटी नोंदणीतून कायद्यानेच सूट दिली आहे. ठेलेवाला घाऊक बाजारातून बिलाने माल उचलतो तेव्हा कर त्या बिलातच असतो, आणि त्याची वजावट त्याला मिळत नाही. कायद्याने दिलेली सूट वापरणाऱ्याला करबुडवा म्हणणे सोडून द्यावे.

आता खरा, वजनदार आक्षेप : पदपथ चालणाऱ्यांचा आहे. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो बरोबर आहे. काठी टेकत जाणारे आजोबा, पांढरी काठी हातात असलेली विद्यार्थिनी, चाकाच्या खुर्चीतला माणूस, बाबागाडी ढकलणारी आई यांना सरळ, सलग, मोकळी वाट मिळालीच पाहिजे. जिथे हँगरची रांग पदपथाच्या मधोमध येते तिथे ती मागे सरकलीच पाहिजे. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ केले, दर 11 डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून दाखवला. हे सगळे चांगले आहे.

पण पदपथ अरुंद का झाला, हे विचारताना नजर फक्त ठेल्यावर का थांबते? 2003 साली मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका विक्रेत्यासाठी जी जागा धरली ती एक मीटर गुणिले एक मीटर. म्हणजे एक चौरस मीटर. रस्त्याकडेला लावलेल्या एका मोटारीला अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. एका मोटारीच्या जागेत बारा विक्रेते मावतात. गिऱ्हाईक उभे राहायला तेवढीच जागा धरली तरी सहा. सहा घरांचे पोट आणि दिवसाकाठी कितीतरी मुलांची गरज एका पारड्यात, आणि दुपारभर रिकामी उभी असलेली एक मोटार दुसऱ्या पारड्यात. आपण वर्षानुवर्षे मोटारीच्या बाजूने कौल देत आलो आणि दोष मात्र हँगरवाल्याला दिला. पादचारी आणि पथविक्रेता हे एकमेकांचे शत्रू नाहीत. ठेल्यावरचे गिऱ्हाईक पायीच येते. दोघांचीही जागा तिसऱ्याने घेतली आहे.

2003च्या याच निकालातल्या दुसऱ्या अटीकडे आक्षेप घेणारे बोट दाखवतात : शिक्षणसंस्थांपासून 100 मीटरच्या आत फेरीवाले नकोत. मुंबई उच्च न्यायालयानेही 2017 मध्ये मुंबईपुरता तोच दंडक उचलून धरला. ठीक आहे, तो मान्य करून चालू. कॉलेजच्या फाटकापासून शंभर मीटर मोकळे ठेवा. त्यापुढेही रस्ता उरतो, आणि हाँगकाँग गल्ली तर फर्ग्युसनच्या फाटकापासून चांगलीच लांब आहे. शंभर मीटरची अट बाजार कुठे असावा ते सांगते. बाजार नसावा असे ती सांगत नाही.

आणि कायदा तेवढ्यावर थांबत नाही. 1989 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने, योग्य नियमनाखाली रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सोदान सिंग खटल्यात म्हटले होते. 2014 मध्ये संसदेने पथविक्रेता अधिनियम केला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवू नये, हटवायचे वा हलवायचे झाल्यास 30 दिवसांची नोटीस द्यावी, असे तो सांगतो. जप्त केलेला नाशवंत नसलेला माल, म्हणजे कपडेसुद्धा, मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत परत द्यावा, असेही तो सांगतो. गाडी येते तेव्हा चादरीची चार टोके धरून पळणारा माणूस मी पाहिला आहे. गाडीत फेकलेले कुर्ते पावसात भिजताना पाहिले आहेत. अतिक्रमण हटवा म्हणणाऱ्यांनी कायद्याचे नाव घ्यावे, पण मग पूर्ण कायद्याचे घ्यावे.

‘विकणारे बाहेरचे आहेत’ हेही दबक्या आवाजात म्हटले जाते. होय, पुष्कळ जण बाहेरचे आहेत. घेणारेही बाहेरचेच आहेत. बीड, नांदेड, वाशीम, नंदुरबार, गडचिरोली इथून आलेली मुले या शहराच्या कॉलेजांची फी भरतात, पेठांतल्या खोल्यांची भाडी भरतात, मेस चालवतात. 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले तेव्हापासून हे शहर बाहेरून आलेल्यांना शिकवूनच मोठे झाले आहे. बाहेरच्याची फी चालते, भाडे चालते आणि बाहेरच्याचा बाजार तेवढा चालत नाही, हे कसे?

मग करायचे काय? 2014च्या कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. वाहतूक पोलीस, व्यापारी संघटना, रहिवाशांच्या संघटना यांनाही तिथे स्थान आहे. विद्यार्थ्यांचे नाव मात्र कुठेच नाही. विद्यार्थी इथला मतदार नसतो, सोसायटीचा सभासद नसतो, तीन वर्षांनी निघून जातो. म्हणून त्याच्या गरजेची कुणी मोजदादच करत नाही. कॉलेजांनी पुढे यावे, आपल्या विद्यार्थी मंडळाचे दोन प्रतिनिधी या समितीच्या चर्चेला बोलावले जावेत असा आग्रह धरावा. कॉलेजांच्या पट्ट्यात रस्त्याकडेच्या पार्किंगची एक रांग काढून तिथे आखीव विक्री-पट्टा करावा. पदपथ त्याच्या आतल्या बाजूने सलग मोकळा राहील. गल्ल्यांतल्या गाळ्यांना आगीचे नियम लावावेत. 2021च्या मार्चमध्ये कॅम्पातली फॅशन स्ट्रीट एका रात्रीत जळाली, शेकडो विक्रेते रस्त्यावर आले. मालात माल खेटून ठेवला, की एक ठिणगी पुरते, हे तेव्हाच कळले आहे. ये-जा करण्याची वाट, अग्निशामक नळकांडी, सुरक्षित वीजजोडणी हे सगळे विक्रेत्यांकडून करून घ्या. मुलींना कपडा घालून बघता येईल अशी पडद्याची स्वच्छ खोली दर काही ठेल्यांमागे असू द्या. नियम कडक लावा, पण नियम पाळणाऱ्याला उद्या गाडी येणार नाही याची खात्रीही द्या. ज्याला उद्याचा भरवसा नाही तो जागा नीट ठेवत नाही, कारण ती त्याची नसते.

याला आणखी एक बाजू आहे, ती मुलींना विचारा. अभ्यासिकेतून रात्री साडेनऊला खोलीवर परतताना ज्या रस्त्यावर ठेल्यांचे दिवे जळत असतात, विकणाऱ्या बाया ओळखीने हाक मारतात, त्या रस्त्याने त्या जातात. मोटारी लावलेल्या अंधाऱ्या रस्त्याला त्या वळसा घालतात. मीही घालत असे.

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात. मी ते बिरुद मनापासून मानते, कारण मला ते लाभले आहे. आमच्या मराठवाड्यात लेक माहेरी आली, की परत जाताना तिच्या हातावर कपडा ठेवतात. घर गरीब असले तर चोळीचा खण, पण रिकाम्या हाताने तिला पाठवत नाहीत. या शहराने मला फुकट काही द्यावे अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. माझ्या कमाईच्या, वडिलांच्या कष्टाच्या शंभर रुपयांत एक कोरडा ड्रेस चालत जाऊन घेता यावा, एवढेच मला लागत होते. तेवढे या शहराने मला दिले. यंदाच्या जुलैत पेठेतल्या कुठल्या तरी खोलीत सहा मुली आणि एक दोरी असेल. त्यांच्यासाठी तेवढे राहू द्या.